घर रिकामं सोडायचं नाही

२ जुलै

काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. भीतीनं नाही, आनंदानं! नवरा गेल्यावर दीड वर्ष जावेच्या घरी कोपऱ्यात झोपले. आता माझं दार, माझी कडी. सारखी उठून कडी चाचपत होते. ठमी म्हणाली, आई, वेडी झालीस. ठमी म्हणजे माझी मुलगी, पाच वर्षांची.

दोन खोल्या आहेत. शिलाई मशीन खिडकीशी मांडलं. शाळेच्या शर्टांना काजं-बटणं करते, उजेड लागतो. शेजार नाही, लाकडाची वखार आहे, तिथली करवत दिवसभर किंचाळते. पण घरमालक देवमाणूस. ही वही दादानं दिली, माझ्या भावानं. शाळा चौथीत सुटली, रोज लिही म्हणजे अक्षर वळेल म्हणाला.

९ जुलै

ठमी म्हणते घराला बाहेरून तीन खिडक्या आहेत, आत दोनच. म्हटलं, तुला कुठं मोजता येतंय. जाऊन बघितलं तर खरंच तीन. तिसरी विटांनी बुजवलेली. मालकांना विचारलं. ती मागच्या भाडेकरणीची खोली म्हणाले, बाई निघता निघेना. मग गेली कधी, विचारलं तर हसले. आता त्रास देत नाही म्हणाले.

दाराखालून पाणी आत येतं तेही सांगितलं. उंबरठा वाढवून देतो म्हणाले, लगेच. असा मालक मिळत नाही.

३० जुलै

मालकांना घर परत हवंय. पुतण्याचं लग्न ठरलं. मी कुठं जाऊ?

शर्ट आणून देते ती बाई कोर्टात घासून निघालेली आहे. म्हणाली, घाबरतेस काय, त्याला हात धरून काढता येत नाही. कोर्टात जाऊ दे, निकाल लागेपर्यंत तुझ्या ठमीला पोरं होतील. फक्त घर रिकामं सोडायचं नाही. तू बाहेर पडलीस की त्याचं कुलूप लागलंच.

मालकांना तसं सांगितलं. रागावले नाहीत. राहा ताई, म्हणाले, कोर्टाला वेळ लागतो, गवंड्याला लागत नाही. मला वाटलं उंबरठ्याचं बोलतायत. मी चहा केला त्यांना.

११ ऑगस्ट

गवंडीकाका सकाळ-संध्याकाळ येतो, विटांचा एक थर लावतो, चहा पितो, जातो. उंबरठा गुडघ्याच्या वर आला. बास म्हटलं. मालक म्हणतील तेव्हा बास, म्हणाला. ठमी त्यावर घोडा-घोडा खेळते. ओल येते म्हणून दोन्ही खिडक्या बाहेरून चिणल्या. लाईट गेली, मोबाईल मेला. मशीन दाराशी आणलंय.

मी बाहेर पडत नाही. पडले तर घर जाईल.

१४ ऑगस्ट

शर्टवाली बाई आलीच नाही. गवंडीकाका म्हणाला, मालकांनी तिला सांगितलं की तुम्ही गेलात, घर रिकामं आहे. तिला गाठायला निघाले. छातीएवढी भिंत, वर चढले, पाय सटकला, आतच पडले. घोट्यातून कट्कन आवाज आला. पाय टेकवत नाही. ठमी फुंकर घालते.

१६ ऑगस्ट

ओरडले खूप. करवत थांबत नाही.

भिंत ढकलली — बाहेरून फळ्यांचा टेकू दिलाय. गवंड्यापुढे हात जोडले. तो बघत नाही माझ्याकडे. विटेवर वीट —

दुपारी बुजलेल्या खोलीकडून टकटक. उंदीर असेल. कात्रीनं मीही वाजवलं. टक टक टक.

तितकंच परत आलं.

ठमी म्हणते त्या मावशीला पण चहा दे.

१७ ऑगस्ट

वर वीतभर फट उरलीय. ठमी मावते. मी नाही. गवंडी चुना आणायला गेलाय.

शर्टाला शर्ट जोडलेत, बटणं लावून, दोर केलाय. मशीनवर एका पायावर उभी राहून सोडेन तिला बाहेर खाली. ती रडत नाहीये. म्हणते आई, तू कधी येणार? म्हटलं, तुझ्या मागोमाग. माझं सोनं गं. माझा वास घेत बसलीय —

तिच्या फ्रॉकला आतून खिसा शिवलाय, ही वही त्यात घालीन. बाहेर पडलीस की वखारीपुढच्या रस्त्यानं पळ म्हटलंय, मागं बघायचं नाही. ती भात चिवडते, रागावू नका. अंधारात झोपत नाही, हात धरावा लागतो.

पावलं वाजतायत. आला —

जो कोणी वाचेल, माझ्या दादाला फोन करा. नंबर फ्रॉकच्या पट्टीवर लाल दोऱ्यानं टाकलाय. त्याला म्हणावं दार शोधू नको, भिंत फोड. मालक म्हणेल घर रिकामं आहे. नाही म्हणावं. रिकामं नाही. आत मी आणि ती मावशी