परत येण्याची हमी

तीर्थस्वरूप दादा,

तुम्हाला आणि वहिनींना इथूनच वाकून नमस्कार. नवे दात बसले का? वहिनी म्हणत होत्या की तुम्ही ते जेवताना काढून ठेवता आणि पाहुणे आले की घालता. तसं करू नका, हिरड्यांना सवय होत नाही. आम्ही देवाच्या कृपेने बरे आहोत, म्हणजे शरीराने. डोकं मात्र गेले कित्येक दिवस तापलेलं आहे. सकाळचा जपही धड होत नाही. मण्यागणिक देवाचं नाव यायचं तिथे टायवाल्याचं तोंड समोर येतं. हा टायवाला कोण ते सांगतो, म्हणजे रागाचं मूळ कळेल.

तुमच्या पुतणीला परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं फोनवर सांगितलंच होतं. ती नेमकं काय शिकणार असं वहिनींनी विचारलं, तेव्हा मी ‘शास्त्र’ एवढंच म्हणालो. (ते खोटं नव्हतं, अपुरं होतं.) आता पत्रात लपवत नाही. ती बर्फ शिकणार आहे. डोंगरांवर बर्फाच्या नद्या असतात म्हणे, त्या किती सरकल्या आणि किती वितळल्या हे मोजायचं, आणि त्याचीच पदवी मिळते. आपल्याकडे बर्फ म्हणजे मासळीवाल्याच्या पाटीतला, नाहीतर आमच्या फ्रिजमधला. त्या फ्रिजची मोटार मी स्वतः दोनदा नव्या तारेने वाइंड केली आहे, त्यामुळे बर्फ जमवणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. पण पोरीची बुद्धी आहे, तिने आपल्या बळावर जागा मिळवली. तिच्यावर माझा राग नव्हता. (हे वाक्य मागच्या आठवड्यापर्यंत खरं होतं.)

राग सुरू झाला तो कागदांपासून. परदेशी शिकायला पाठवणाऱ्यांना सल्ला देणारं एक ऑफिस आमच्या बाजारात आहे, चपलांच्या दुकानावर. भिंतीभर हिरवळीवर बसलेल्या पोरापोरींचे फोटो आहेत, सगळ्यांच्या मांडीवर पुस्तक आणि सगळे हसताहेत, वाचत एकही नाही. तिथले साहेब भर उन्हाळ्यात टाय घालून बसतात आणि मला काका म्हणतात. माझ्याहून ते चार-सहा वर्षांनी थोरलेच असतील. त्यांनी आधी फोटो मागवला. नियम असा की हसायचं नाही, कान दिसले पाहिजेत, पाठीमागे पांढरं. आमच्या घरात या नियमात फक्त माझा चेहरा बसतो. फोटोवाल्याने पोरीवर उपकार म्हणून तिच्या हनुवटीवरचा तीळ पुसून टाकला, तर कागद परत आला, की ही मुलगी पासपोर्टमधली नव्हे. मी फोटोवाल्याकडे तीळ परत मागायला गेलो. तो म्हणाला, “लोक काढायचे पैसे देतात हो, घालायचे कुणी दिले नाहीत अजून.” मग छातीचा एक्स-रे, रक्त, डोळे. पोरगी निरोगी असल्याचं सिद्ध करायचं, ते झालं. पण घरच्यांनी निरोगी असून चालत नाही, हे मला पुढे कळलं.

कारण सगळ्यात शेवटी टायवाल्याने एक कागद पुढे सरकवला. शिक्षण संपल्यावर मुलगी मायदेशी परत येईल अशी पालकांनी हमी द्यायची, कारणांसह. ‘कारणांसह’ हा शब्द त्यांनी बोटाने दाबून दाखवला. मला विचारलं, “काका, मुलीला इकडे परत ओढणारं काय काय आहे?” मी म्हटलं, आईबाप आहेत. ते म्हणाले, “ते सगळ्यांनाच असतात. अजून?”

दादा, मला वाटलं होतं की या प्रश्नाचं उत्तर तेवढंच असतं. मी दुसरं काही आठवतो आहे तोवर ते आपल्या मनाने कारणं लिहायला लागले. पंप-पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायच्या माझ्या दोन टेबलांच्या दुकानाचा त्यांनी विद्युतयंत्र उद्योगसमूह केला, आणि त्याची धुरा तिला सांभाळायची आहे म्हणाले. (धुरा म्हणजे मी, एक कारागीर, आणि उधारीवर जगणारा एक चहावाला.) तिच्या शिक्षणाचा इथे उपयोग काय, या रकान्यात त्यांनी बराच वेळ पेन आपटलं आणि मग लिहिलं की देशात बर्फाचा तीव्र अभाव असल्यामुळे बर्फतज्ज्ञांची नितांत गरज आहे. हे वाचून कारकून पोरगीसुद्धा खुर्चीत वळली. आणि मग तुम्ही. घरात कुणी वडीलधारं आजारी आहे का, असं त्यांनी विचारलं. “असेल तर फार चांगलं पडतं काका.” मी म्हटलं, थोरले भाऊ आहेत, ते पासष्टीतही स्वतः छपरावर चढून कौलं चाळतात. त्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: विद्यार्थिनीचे थोरले काका अंथरुणाला खिळलेले असून शुद्ध आली की पुतणीचंच नाव घेतात.

मला शाळेत मास्तरांनी एकच गोष्ट पक्की शिकवली, सही करण्याआधी वाचायचं. मी त्यांचंच पेन घेतलं आणि जळालेली तार कापावी तशी एकेक ओळ खोडत गेलो. उद्योगसमूह गेला, बर्फाचा अभाव गेला, तुम्ही अंथरुणातून उठलात. टायवाले कळवळून म्हणाले, “काका, कागद खराब केलात.” मी म्हटलं, खराब होता म्हणून तर. खाली दोनच वाक्यं माझ्या अक्षरात लिहिली: ही माझी मुलगी आहे. ती परत यावी असं आम्हाला वाटतं. त्यावर सही केली, कारण तेवढ्याची हमी मी देवापुढेही देईन. येईलच, असं लिहायला हात वळेना.

हात का वळेना, याचा विचार करत घरी आलो आणि पोरीला सरळ विचारलं, तू परत येणार आहेस ना? ती म्हणाली, “बघू ना बाबा.”

बघू. गिऱ्हाइकाची मोटार कामातून गेलेली असली की मीही त्याला ‘बघू’ म्हणतो. त्याचा अर्थ मला तिने शिकवायला नको. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. एवढंच, की बर्फाला मी नावं ठेवली. बायको म्हणाली, “अहो, अजून जायचा पत्ता नाही आणि तुम्ही यायचं काय विचारता?” तेव्हापासून मी पोरीशी बोलणं टाकलं. घरात कारभार चालतो तो बायकोमार्फत. मी म्हणतो, हिला सांग, लोकरीचे मोजे दोन जास्तीचे घे. ती दोन हातांवरून म्हणते, “आई, बाबांना सांग, घेतले.” बायको म्हणते, मी काय पोस्ट उघडलंय का.

मग व्हिसाच्या मुलाखतीचा दिवस आला. बायकोला ताप, म्हणून मलाच बरोबर जावं लागलं. त्या देशाच्या कचेरीची भिंत उंच, आणि भिंतीबाहेरच्या कट्ट्यावर आम्ही सगळे बाप मांडीवर फायली घेऊन बसलेलो. पोरगी एकटी आत गेली. ती बाहेर आली, पण निरोप सांगायला आई नव्हती. मग रस्त्याकडे बघत स्वतःच बोलायला लागली. आतल्या बाईंनी खोडलेल्या ओळींवर बोट ठेवून विचारलं होतं, हे काय? “मी सांगितलं, बाबांनी खोडलं. त्यांना खोटं चालत नाही.” मग त्यांनी विचारलं, परत येणार? “मी म्हटलं, खरंच माहीत नाही. पण बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत. ते तसं ठेवून मला कुठेच फार दिवस राहता येत नाही.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं म्हणे. मला समोर बस दिसली, तिला हात केला.

आता निकालाची वाट बघतो आहे. नाही म्हणाले तर पोरीचं तोंड बघवणार नाही, आणि हो म्हणाले तर पोरगीच दिसणार नाही. देवापुढे उभा राहतो, पण मागायचं काय ते ठरत नाही, म्हणून नुसतं हात जोडून परत येतो. राग निवला की पुन्हा लिहीन असं म्हणणार होतो, पण तशी आशा दिसत नाही. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला धाकटा

ता. क. तुमच्या दुखण्याचा मजकूर टायवाल्याने मी खोडण्याआधीच कॉम्प्युटरवर चढवला होता, हे आज कळलं. कुणी फोन करून चौकशी केलीच, तर तब्येत ठणठणीत आहे असं खरंच सांगा. फक्त जरा हळू आवाजात सांगा.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात आज पाकीट आलं. परवानगी मिळाली. पोरगी पाकीट घेऊन धावत दुकानात आली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. मी कारागिराला म्हटलं, हिला सांग, चांगलं झालं. त्याने सांगितलं.

ता. क. ३. खरं काम हे आहे. त्या बाईंना तिने दिलेल्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. मी बोलायला लागलो, तर तिला परत यायला कारण काय उरलं? म्हणून राग तसाच धरून ठेवायचं ठरवलं आहे. हे खोटं ठरेल का, याचाही विचार केला. राग खराच आहे, फक्त जपून वापरायचा आहे. पण एकट्याने तो तिचं शिक्षण संपेपर्यंत पुरेल असं दिसत नाही. काल तिच्या बॅगेची अडकलेली चेन नीट करून दिली, तेवढ्यात निम्मा संपला. तेव्हा दादा, तुम्हीही काहीतरी खुसपट काढून तिच्यावर रुसा. तुम्हाला ते जमत नाही हे माहीत आहे, वहिनींची मदत घ्या. फक्त फार मोठं कारण काढू नका, ती आल्यावर आपल्याला ते मिटवताही यायला हवं.