नवरदेवाचं दिवाळं

कोपरखैरणे, ४ फेब्रुवारी १९९६

ती. नानाकाकांस,
शिवतेजचा सा. न. वि. वि.

आमी इकडे मजेत. सुनाताईच्या स्थळाची चौकशी करायला तुमी सांगितलं होतं. शेजारीपाजारी काय, चहा पाजला की सगळे चांगलंच बोलतात. मग मी डोकं लावलं आणि डायरेक्ट ठाण्याच्या कोर्टात गेलो. तिथं दिवाळखोरांचं रजिस्टर असतं, फी भरली की कोणालापण बघता येतं. कारकुनाला मुलाचं नाव सांगितलं, गंगाराम जोतीराम फडतरे. काका, बसलाय की तो तिथं! नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं फिट. कोर्टानं दिवाळखोर जाहीर केलेला माणूस, आणि म्हणे महापेला सुपरवायझर! सुपारी फोडू नका.

शाबासकी एस.टी.नं पाठवली तरी चालेल.

तुमचा हुशार पुतण्या,
शिवतेज

रहिमतपूर, १० फेब्रुवारी

चि. शिवतेज यास,
अ. उ. आ. (सध्या उधार.)

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी नानांनी फडतऱ्यांना नकार कळवला. मी दोन दिवस जेवले नाही. बघायला आला तेव्हा त्या माणसानं एकच विचारलं होतं, नर्सिंगचा कोर्स लग्नानंतर पुरा करणार का. असं दुसऱ्या कोणी विचारलं नाही रे.

दीडशहाण्या, तो सव्वीस वर्षांचा आहे. रजिस्टरात साल बघितलंस? आपल्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, हे तुला मी सांगू? नानांना सांगितलं तर म्हणतात, कोर्ट खोटं बोलत नाही. आता तूच निस्तर. तोवर माया बंद.

सुनाताई

कोपरखैरणे, १९ फेब्रुवारी

ती. सुनाताईस, सा. न. (कान धरून.)

साल अठ्ठावन्न होतं गं! नावच एवढं फिट बसलं की मी पुढं बघितलंच नाही.

महापेला कंपनीच्या गेटवर जाऊन होणाऱ्या भावजींना सगळं सांगितलं. वाटलं, आता पडणार एक कानाखाली. त्यांनी हाफ डे टाकला आणि माझ्याबरोबर कोर्टात आले, स्वतःचं दिवाळं बघायला. कारकुनानं चष्म्यावरून त्यांना बघितलं आणि म्हणाला, अठ्ठावन्न सालच्या मानानं तब्येत चांगली राखलीय.

तो भावजींचा आजोबा निघाला. कल्याणला कापडाचं दुकान होतं, बुडालं. पण फाईल पुढं वाचली तर काय, म्हाताऱ्यानं हातगाडीवर कांदे विकून सगळ्यांची पै न् पै फेडली, आणि कोर्टानं दिवाळखोरी रद्द केली. भावजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. घरात कोणी हा विषयच काढत नाही. त्यांनी फाईल परत पहिल्या पानापासून वाचली.

सगळी देणी फेडली म्हणून दिवाळखोरी रद्द, त्या हुकमाची शिक्क्याची नक्कल पाठवतोय. गेल्या शिमग्याला काकांचा बैल शूटिंगला निवडलाय अशी खोटी तार केली होती ना, तेव्हापासून माझी वाईट बातमी त्यांना लगेच पटते, चांगली पटत नाही.

माया चालू करावी ही विनंती.

शिवा

रहिमतपूर, ४ मार्च

चि. शिवास, अ. उ. आ. (या वेळी रोख.)

नानांनी नक्कल दोनदा वाचली आणि स्वतः जाऊन फडतऱ्यांची माफी मागितली. मग गावभर सांगत सुटले, व्याही इमानदार आहेत याला सरकारी शिक्का असलेलं घर तालुक्यात दुसरं दाखवा. एवढ्यावर थांबतात कुठले, फ्रेम करून सोप्यात लावली! मी हातापाया पडले. ऐकलं नाही.

काल सुपारीला सासरे आले आणि नेमके त्याखालीच बसायला गेले. वर बघितलं नि तसेच उभे राहिले. त्यांनी टोपी काढली, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग डोळे पुसून नानांना हळूच विचारलं, आमच्या घरी लावायला अशी एक मिळेल का.

तेव्हा परत ठाण्याला जा. आणि या वेळी साल बघून आण.

तुझी,
सुनाताई