परत केलेलं झबलं

सोमवार, ४ ऑगस्ट

विसरलीस ना, फोनबाई? काल एवढं घडाघडा बोलले आणि आज पान कोरं! कोरं पान ओळखायला शाळा लागत नाही, एवढं मलाही कळतं. मी बोलायचं, तू लिहून ठेवायचं — एवढंच तर काम तुला.

तर पुन्हा ऐक. रविवारी नातीचं जेवण. बाळ यायच्या आधी चार मायेची माणसं. भेटवस्तू कुणी आणू नयेत, हे गोड शब्दांत सांगायचं काम माझ्याकडे आलंय. नात म्हणाली, "आजी, कारण सांगत बसू नकोस." कारण मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला कपाट भरलं आणि बाळ आलंच नाही. एकेक वस्तू परत करत दारोदार मीच फिरले होते.

मंगळवार, ५

नातीच्या मामीला म्हटलं, घरात पाय ठेवायला जागा नाही, तुझं खेळणं कुठे ठेवू? नातीच्या मैत्रिणीला म्हटलं, हात रिकामे आण, पोटही रिकामं आण. सगळ्या हसल्या. मग खालच्या मजल्यावरची टेलरबाई दिसली, कापड बेतत होती. तिला म्हटलं, "झबलंबिबलं आणलंस तर दारातूनच परत पाठवीन हं!"

ती नाही हसली. घाईत असेल.

बुधवार, ६

घाई नव्हती. "टेलरबाई येत नाहीत म्हणाल्या. आजी, तू काय बोललीस त्यांना?"

"मी? काही नाही!" — नातीशी खोटं बोलले.

भाजी निवडताना आठवलं. मागच्या खेपेला तिचंही झबलं परत दिलं होतं. दारातूनच. "आत तरी या" म्हणत होती, मी थांबले नाही. मेली जीभ! थट्टेला नेमकं तेच सापडावं?

गुरुवार, ७

जिन्यापर्यंत गेले. परत आले.

शुक्रवार, ८

आज गेले. चुकलं म्हणायचं होतं, तोंडातून निघालं, "किती गं चिंध्या इथे!"

तिने मशीन थांबवलं. "आजी, तेव्हा सगळ्यात आधी माझंच झबलं आलं होतं. माझा हात नडला, असंच वाटतं ना तुम्हाला?"

"नाही गं! नाही!" जन्मभर टकळी चालवली, आणि आज एवढंच!

तिने खण उघडून दाखवलं. तेच झबलं, नीट घडी घातलेलं. "टाकवत नाही. दुसऱ्या कुणाला देववत नाही."

वर आले. रविवारी ये, एवढंसुद्धा म्हणायचं राहिलं.

रविवार, १०

जेवण राहिलं बाजूला — बाळच आलं! मुलगी. एवढीशी, पण आवाज माझ्यावर. दोघी ठीक आहेत. इस्पितळातली नर्स म्हणाली, अंगात घालायला काही आणा. घरात बाळाची एक चिंधी नाही — माझीच कर्तबगारी! टेलरबाईचं दार वाजवलं. मान वर करवेना. "मुलगी झाली, अंगात घालायला काही नाही," एवढंच म्हटलं. तिने खण उघडला, पायात चपला सरकवल्या.

आता बाळ तिच्या मांडीवर झोपलंय. झबल्याच्या बाह्या लांब झाल्यात, तिनेच दुमडल्या.

नातजावईबापूंना घरी निरोप दिला: मऊ भात पाठवा, तिखट नको. आणि डबा मोठा भरा — टेलरबाई सकाळपासून उपाशी आहे, तिला आधी वाढायचंय.