आमच्या विहिरीचं पाणी

बाई, आज वर्गात बेडकाचं हृदय बंद पडलं आणि मुलांच्या डोळ्यांदेखत पुन्हा सुरू झालं. पोरांनी टाळ्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. त्या टाळ्या खरं तर तुमच्या, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण जुन्नरच्या आपल्या कॉलेजातलं ते विज्ञान प्रदर्शन मला लख्ख आठवतं.

नव्वदीचं दशक ते. मी बारावीला, पिंपळवंडीहून एसटीनं यायचे, आणि घरी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालेली. तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात आणि पोरीला डॉक्टरकीसाठी पुण्याला पाठवा म्हणून माझ्या वडिलांच्या, दादांच्या, मागेच लागलात. मेलेल्या बेडकाचं हृदयसुद्धा ही वाटीत चालवून दाखवते, असं तुम्ही म्हणालात तेव्हा दादा खो खो हसले. "बाई, ते काळीज माझ्यासमोर चाललं तर पोरगी पुण्याला. नाय चाललं तर मी म्हनंल तिथं लगीन. बोला!" "प्रदर्शनाला या, दाखवते," म्हणून तुम्ही मोकळ्या झालात.

सरावाला तुम्ही मला घरच्या विहिरीचंच पाणी आणायला लावायचात. आमचं पाणी जड. हंड्यांवर पांढरा थर बसायचा आणि आई चिंच लावून घासून घासून दमायची. असलं पाणी प्रदर्शनात कसं न्यायचं, म्हणून त्या दिवशी मी अतिशहाणीनं गॅरेजमधून बॅटरीचं शुद्ध पाणी आणलं आणि त्यात बेताचं मीठ घातलं. दादा समोर उभे आहेत. हृदयाला दोऱ्यानं झाडूची काडी जोडलेली, हृदय आवळलं की काडी उडते. उडते, उडते, मग नुसती थरथरते, मग तीही नाही. दादा मिशीवरून हात फिरवतात. "संपलं का, बाई?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. "पाणी कुठलं हे?" मी सांगितलं. "शुद्ध म्हणजे चांगलं, असं कुणी शिकवलं तुला? अगं, तुमच्या हंड्यावर बसतं ना, त्यातलं कॅल्शियम नसेल तर हा स्नायू आवळणार कसा?" दादांना परगावचं पाणी बाधायचं, त्यामुळे घरचा कॅन कायम त्यांच्या हातात असायचा. तुम्ही सरळ तो मागून घेतलात, मीठ घातलंत, वाटीतलं पाणी बदललंत. थोडा वेळ काहीच नाही. मग काडी जराशी हलली, आणि मग अशी उडायला लागली की बास!

"आयला! आपल्या हिरीच्या पान्यानं?" दादा ओरडले तशी बाजूची गर्दी आमच्या टेबलावर लोटली. तुम्ही तेवढ्यावर कुठल्या थांबताय! तुम्ही काडीला एक मणी अडकवलात. त्या ओझ्यानं स्नायू थोडा ताणला गेला, आणि पुढच्या ठोक्याला आणखी जोरानं आवळला. जास्त रक्त भरलं की हृदय असंच जास्त जोर लावतं, पण फारच ताणलं तर हरतं, असं तुम्ही समजावलंत. "आमच्या खोंडावानी हाय की! वझं बघून जोर लावतंय," दादा म्हणाले, आणि परतीच्या एसटीत त्यांनी कंडक्टरपासून सगळ्यांना ते काळीज ऐकवलं. पुण्याला सोडायला आले तेव्हा माझ्या ट्रंकेबरोबर पाण्याचा कॅनही होता.

आता डॉक्टर होऊन मीच मेडिकल कॉलेजात शिकवते. कॅल्शियमनं जोर कसा वाढतो, माणूस घाबरला की रक्तात काय सुटतं आणि छाती का धडधडते, सगळं. कपाटात कॅल्शियमची बाटली आहे, पण मी दादांनी पाठवलेलंच पाणी ओतते. हे पत्र टाकणार कुठे, टेबलाच्या खणातच राहील. फक्त एक सांगते. पाणी ओतल्यापासून काडी हलेपर्यंत अजूनही दादांची पैज लागलेली असते, काडी हलली नाही तर माझं लग्न. आज ती उडाली तेव्हा टाळ्यांच्याही आधी मीच ओरडले, "आयला!"