महिन्यातला तिसरा चेक

टोलेडो, ओहायो
२० एप्रिल १९८७

चि. वेंडेल यास लोर्नाताईचे अ. उ. आ.

आईला वृद्धाश्रमात ठेवल्याचं तुझं पत्र ईस्टरच्या आदल्या दिवशी मिळालं. हॅम भाजलं आणि तसंच झाकून ठेवलं. दोष माझाच. नव्या नोकरीत वर्षाचे पंधरा हजार सहाशे डॉलर, मग एका चेकला किती, असं तू विचारलंस आणि मी शहाणीने चोविसाने भागून साडेसहाशे सांगितले. आमच्या शाळेत महिन्यातून दोनदाच पगार होतो ना. तुझा कारखाना दर दुसऱ्या शुक्रवारी देतो, म्हणजे वर्षातून सव्वीसदा, सहाशेच. माझ्या भरवशावर तू आईसाठी जादा खोलीचं घर घेतलंस आणि महिन्याला शंभर कमी पडून तोंडघशी पडलास, तिला घरी ठेवणं परवडेना. लहानपणीही तुझी गणितं मी सोडवली की तू नापास व्हायचास.

सोबत शंभराची मनीऑर्डर आहे. लोभ असू दे, रागासकट.

तुझी ताई


डेटन
३१ मे

ती. लोर्नाताईस सा. न. वि. वि.

मनीऑर्डर परत पाठवतोय. तुझ्या भागाकाराने काही बुडालं नाही. मे महिन्यात तीन शुक्रवारी पगार झाला, ऑक्टोबरातही होईल, आणि तूट भरून निघेल. इथे सगळे तिसऱ्या चेकवरच गाडीचे टायर आणि दातांची कामं उरकून घेतात. काल आई म्हणाली, तुमच्या बाबांच्या तिसऱ्या चेकातूनच तुमचे बूट यायचे. मग विचारलं, आता घरी कधी नेतोस. मी म्हटलं, बघू.

चेक खिशात होता, खोली रिकामी आहे. पण तिला उचलून, धुऊन, भरवून मी थकलो होतो. तुझी चूक आयती सापडली, आणि इतके दिवस तुला झुरू दिलं. मला लाज वाटते. जमलं तर लोभ ठेव.

वेंडेल


टोलेडो
३ जून

चि. वेंडेल यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी चिडले. मग स्वयंपाकघरामागची डोरीनची खोली उघडली. पोरगी सासरी गेल्यापासून तिथे नुसते ख्रिसमसचे खोके आहेत. भागाकारावरून मी एवढी रडले, पण या खोलीबद्दल कधी एक ओळ लिहिली नाही. तू माझ्या चुकीमागे लपलास, आणि मीही.

शनिवारी गाडी घेऊन येते. मनीऑर्डर पेट्रोलला कामी येईल. आईचा कोट काढून ठेव. दोन आठवडे ती माझ्याकडे, दोन तुझ्याकडे, अदलाबदल तुझ्या पगाराच्या शुक्रवारी. तिला मात्र आत्ताच काही सांगू नकोस. या वेळी मी आले की आपण दोघं मिळून तिला आधी विचारू.

भेटीअंती लोभ वाढवू.

तुझी ताई