बारा औषधांतलं एक

३ जून

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं. तुझी चिमी पाच वर्षांची घोडी झाली, शाळेत चड्डी ओली करते आणि तू रडत बसतेस. लघवीला जळजळतं, ताप येतो, हे औषधांच्या दुकानात वीस वर्षं मी रोज ऐकते. सोबत दहा गोळ्या आहेत. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी, साखरपाण्यातून दे. ताप उतरला की थांबव. बाकीच्या पुढच्या वेळेला होतील. डॉक्टरकडे धावू नकोस, लघवी तपासण्यातच आठवडा घालवतात. आणि लाड आवर. संध्याकाळनंतर पाण्याचा थेंब देऊ नकोस, आपोआप वळण लागेल.

माया आहेच, अक्कलही थोडी असू दे.

तुझी ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या गोळ्यांनी दोन दिवसांत ताप उतरला, म्हणून थांबवल्या. महिन्याने पुन्हा तेच. उरलेल्यांतल्या दिल्या, तेव्हाही उतरला. आता तिसऱ्यांदा आलाय आणि गोळी लागूच पडत नाही. पोरगी पाठ दुखते म्हणते. ओल्या गादीवर तशीच पडून राहते, सांगत नाही. पाणी तू म्हणालीस तसं बंद केलंय. काल बाथरूममध्ये बादलीतलं पाणी ओंजळीने पिताना सापडली. मी मारलं. मग वाईट वाटलं, पण म्हटलं, ताई सांगते ते भल्यासाठीच. हे डॉक्टरकडे नेऊ म्हणतात. तू सांगशील तसं करीन.

लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी

२४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

मारलंस ते बरं केलंस. नवऱ्याला सांग, दुकानात मी उभी असते, तो नाही. या वेळी जास्त ताकदीच्या गोळ्या पाठवते आहे. मोठ्यांच्या आहेत, पाव पाव कर. पाठ दुखते म्हणते ते सोंग आहे. लहानपणी तूही अशीच सोंगं करायचीस आणि मी तुला कसं सरळ केलं, ते विसरली नसशील.

प्रेम आहे म्हणून लिहिते.

ताई

११ सप्टेंबर

ताई,

चिमीला दवाखान्यात ठेवून आज दहावा दिवस. थंडीने दात वाजत होते, पाठीला हात लावू देत नव्हती. ह्यांनी मला न विचारता उचलून नेलं.

तिच्या लघवीतल्या जंतूंवर बारा औषधं लावून पाहिली. अकरांना ते दाद देत नाहीत. तू पाठवलेली दोन्ही त्या अकरांत आहेत. उरलं एक, ते शिरेतून देतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, अर्धवट औषधातून जे जंतू वाचतात, ते पुढे त्या औषधाला भीक घालत नाहीत. गोळ्या कुणी दिल्या, असं विचारलं. मी म्हटलं, मीच. तुझं नाव घेतलं नाही. काल मात्र तुझी दोन्ही पत्रं त्यांच्या टेबलावर ठेवून आले. पाकिटांवर दुकानाचा शिक्का आहे.

तिचं एक मूत्रपिंड आक्रसलंय. ते पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही.

ताप उतरलाय. भरपूर पाणी पाजा म्हणतात. सिस्टर ग्लास देते. चिमी तो दोन्ही हातांत धरून बसते आणि मी खोलीबाहेर जाईपर्यंत घोट घेत नाही. म्हणून हे पत्र बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

लोभ मागत नाही.

धाकटी