आडव्या पट्टीतली खाच

मी, ब्रिन्या केटिल्सडोत्तिर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार हॉल्ट, स्कागाफ्योर्दुर, आइसलँड, आज स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणि या वयात माझ्यावर दबाव आणण्याएवढी उसंत कोणाला असेल असे वाटतही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करण्याचे त्राण नाही, म्हणून हेच अखेरचे समजावे.

कलम १. कायद्याने माझ्या मिळकतीचा दोन तृतीयांश हिस्सा माझी एकुलती मुलगी उन्नुर हिचा आहेच. खाली नावानिशी सांगितलेल्या वस्तू वगळून बाकीचेही सर्व, म्हणजे घर, कुरण व बँकेतील शिल्लक, तिलाच मिळावे. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. आईची आठवण म्हणून रिकाम्या खोल्या तापवत बसू नये.

कलम २. मेंढ्या गेल्या वर्षीच देऊन टाकल्या. कुत्र्याने शेजारच्या घरी मुक्काम हलवून स्वतःची व्यवस्था स्वतःच केली आहे. त्यात कोणी हात घालू नये.

कलम ३. वडिलांच्या कार्यशाळेतून माझ्या वाट्याला आलेली हत्यारे व वेल्डिंगचे यंत्र गावच्या शाळेला द्यावे. मुलींना हात लावू देणार असतील तरच.

कलम ४. जीप. हे कलम लांबेल. वकीलबाईंनी हवे तर चष्मा काढून ठेवावा.

जीप माझे पती तोमास यांची. त्यांनी परदेशातून उंच स्प्रिंगा आणि मोठी चाके मागवली व माझा थोरला भाऊ ओर्न याने ती बसवली. या खोऱ्यात ओर्नचा हात नावाजलेला. जीप उंच झाली, रुबाबदार दिसू लागली. परंतु गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब शाफ्ट त्यामुळे जास्त तिरका झाला आणि गाडीखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला घासू लागला. अंगणात चारही चाकांवर उभी असताना मध्ये बोटभर जागा दिसे. पुढचे चाक खड्ड्यात लोंबले की ती जागा संपे. मी खाली झोपून पाहिले, तर शाफ्टवरचा रंग उडून चकचकीत कडे पडले होते.

"ओर्न, पट्टीला खाच पाडायला हवी," मी म्हटले. "तेवढी कापायची आणि मागून जाड पत्रा जोडायचा."

"मी बसवलेल्या गाडीला तू करवत लावणार?" तो हसला. "अगं, घासून घासून शाफ्ट आपली जागा करून घेईल."

"पोकळ नळी आहे ती. जागा करून घेणार नाही, फाटेल."

"तोमास, बघ रे, तुझी बायको आता मला शिकवायला लागली."

तोमास आम्हा दोघांच्या मध्ये उभे. म्हणाले, "राहू दे ना, ब्रिन्या. मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या की बघू."

मेंढ्या आणतानाच ते झाले. नदी ओलांडताना पुढचे चाक दगडांमधल्या खळग्यात उतरले, शाफ्ट पट्टीत अडकला आणि तुटला. त्याच्या गरगरणाऱ्या टोकाने गिअरबॉक्स फोडला. तोमास दोर बांधायला पाण्यात उतरले, प्रवाहाने गाडी सरकली आणि ते बंपर व खडक यांच्यामध्ये सापडले. बरोबरच्या लोकांनी ओढून काढले. माणूस वाचला, पण कंबरेचे हाड कायमचे गेले. पुढे दर शरदात सगळे डोंगरावर जात, आणि हे काठी धरून खिडकीत बसत. एका शब्दाने तक्रार केली नाही. केली असती तर मला बरे वाटले असते.

ओर्न इस्पितळात आला नाही. दुकानात मात्र म्हणाला, "नदीत गाडी घालायची म्हणजे अक्कल लागते." ते माझ्या कानावर आले. त्या दिवसापासून आमचा अबोला. खोऱ्यात दुकान एक, चर्च एक. तो कधी जातो हे ध्यानात ठेवून आपण नंतर जायचे. शेतीने मी एवढी थकले नाही, जेवढी या कामाने.

जीप मी दुरुस्त केली. गाडी ठोकळ्यांवर चढवून पुढची चाके पुरती लोंबू दिली आणि तशा स्थितीत माप घेतले. आधीही ते तसेच घ्यायला हवे होते. पट्टीला खाच पाडली, मागून पत्रा जोडला, सायलेन्सरची नळी बाजूला वळवली, नव्या उंचीला पुरेसा लांब शाफ्ट करून घेतला. त्यानंतर ती कधी घासली नाही.

तोमास गेल्यानंतरच्या वसंतात ओर्न अंगणात येऊन उभा राहिला. वाकला होता.

"खालून बघू का?" त्याने विचारले.

"बघ."

तो गाडीखाली सरकला. बोटांनी पत्रा ठोकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "पत्रा जाड घेतलास."

"हो."

"सांधा स्वच्छ आहे." आणि थोड्या वेळाने, "त्याला फार दुखायचं का गं?"

"हिवाळ्यात."

त्याला एकट्याला बाहेर येता येईना. मी दोन्ही हात धरून ओढले. दोघेही धापा टाकत पायरीवर बसलो. त्याने माफी मागितली नाही, मीही ती मागायला लावली नाही. मी कॉफी केली, त्याने ती प्यायली आणि तो गेला.

तरी जीप ओर्नला देत नाही. ती खोऱ्यातल्या बचाव पथकाला द्यावी. अट एकच: तिला नवा भाग जोडला की चाके लोंबवून, खाली झोपून पाहावे. उभ्या गाडीवर विश्वास ठेवू नये.

कलम ५. मला तोमास यांच्या डाव्या हाताला पुरावे. भाषण नको, आलेल्यांना गरम मटणाचे सूप द्यावे. तोमास यांच्या उजव्या हाताची जागाही मी चर्चकडून राखून घेतली आहे. ती ओर्नची. त्याला बायको नाही, मूल नाही. उन्नुरने हे त्याला मी गेल्यावरच सांगावे. आधी कळले तर तो नको म्हणेल, मग मला पुन्हा भांडावे लागेल, आणि तेवढा श्वास आता माझ्याकडे नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला व तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

(सही) ब्रिन्या केटिल्सडोत्तिर

आमच्या समक्ष त्यांनी शुद्धीत व स्वेच्छेने सही केली. आम्ही त्यांचे नातेवाईक नाही आणि आम्हाला यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार:
(सही) सोल्वी थोर्डार्सन, दुधाच्या टँकरचे चालक
(सही) आउसदीस येन्सडोत्तिर, शिक्षिका

स्थळ: हॉल्ट, स्कागाफ्योर्दुर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९